तिसरीच्या आत काय घडते

म्हैसूर शहराच्या उत्तरेला, कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेटगळ्ळी लागते. एके काळी हे साधे खेडे होते. आता टायरचा कारखाना आणि शेजारची हेब्बाळची औद्योगिक वसाहत यांनी ते शहरात ओढून घेतले आहे. इथून जवळच, मानसगंगोत्रीच्या परिसरात, देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत: 1963 साली सुरू झालेली, शिक्षक घडवणारी प्रादेशिक शिक्षण संस्था आणि 1969 साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था. आणि याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, काबिनी धरणाच्या आणि नागरहोळेच्या जंगलाच्या कडेला, हेग्गडदेवनकोटे तालुका आहे. जेनू कुरुबा, बेट्टा कुरुबा, येरवा या आदिवासी समाजांच्या हाड्या, म्हणजे पाडे, तिथे विखुरलेले आहेत. ग्रामीण सरकारी शाळेचे बळ आणि तिचे दुखणे दोन्ही पाहायची असतील, तर हा एक जिल्हा पुरेसा आहे. पण मराठी वाचकासाठी त्याचे महत्त्व आणखी आहे. इथे जे घडले ते पुढे वेगळ्या नावांनी साताऱ्यात, बीडमध्ये, गडचिरोलीत घडलेले दिसते.

शाळांची गुणवत्ता म्हटले की वर्तमानपत्रे दहावीचा निकाल छापतात. कर्नाटकात 2024 साली दहावीच्या परीक्षागृहांत कॅमेरे बसवून थेट प्रक्षेपणाद्वारे देखरेख ठेवली गेली. आदल्या वर्षी 83.89 टक्के असलेला निकाल 73.40 टक्क्यांवर आला. तोही सवलतीचे गुण वाढवून आणि एकूण उत्तीर्णतेची अट 35 वरून 25 टक्क्यांवर आणून. उडुपीचा निकाल 94 टक्के, तर यादगीरचा जेमतेम 51 टक्के. त्याच वर्षी महाराष्ट्राचा दहावीचा निकाल 95.81 टक्के लागला. या आकड्यांवरून महाराष्ट्रातली मुले कर्नाटकातल्या मुलांपेक्षा इतकी पुढे आहेत असा निष्कर्ष कोणी काढणार नाही, आणि काढूही नये. परीक्षा कशी घेतली, गुण कसे वाटले, यावर हा आकडा इतका हलतो की त्यातून शाळेत काय शिकवले जाते हे कळत नाही.

त्याहून खरे बोलणारा आकडा खूप खालच्या वर्गात सापडतो. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांसमोर साधा उतारा ठेवते. 2024 च्या पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण 44.8 टक्के होते. म्हणजे पाचवी संपवणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांच्या हातात पुस्तक आहे, पण ते त्यांना वाचता येत नाही. करोनानंतरच्या 2022 च्या पाहणीत तिसरीचा आकडा 16.3 होता, त्यामुळे सुधारणा झाली आहे हे मान्यच करायला हवे. तरी तिसरीतल्या चारपैकी तीन मुलांचा प्रश्न उरतोच. सहावीचा इतिहास, सातवीचे विज्ञान, आठवीचे गणित या सगळ्यांचे भवितव्य इथे, वयाच्या आठव्या वर्षाच्या आत, ठरून गेलेले असते. 2021 साली केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान आणले आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-मोजता यावे यासाठी 2026-27 ही मुदत घातली. रोगाचे निदान बरोबर आहे. औषधाबद्दल मात्र आपल्याला जुना अनुभव आहे, आणि तो नीट वाचण्याची गरज आहे.

खेड्यातल्या मुलाला शाळेत आणणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे ब्रिटिश सरकारच्या आधी संस्थानांनी मानला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो संपूर्ण राज्यात नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. त्यानंतर म्हैसूर संस्थानाने 1913 साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण आणून मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आणण्याची ही लढाई शंभर वर्षांनी बहुतांशी जिंकली गेली आहे. आज ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाची जवळपास सगळी मुले पटावर आहेत. आलेले मूल शिकते का, हा दुसरा अंक मात्र फार उशिरा सुरू झाला, आणि त्याची एक महत्त्वाची सुरुवात हेग्गडदेवनकोटेत झाली.

1995 साली, युनिसेफच्या मदतीने, तालुक्यातले काही सरकारी शिक्षक आंध्र प्रदेशातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीला गेले. तिथे आसपासच्या वाड्यांवरच्या एकशिक्षकी शाळांसाठी एक पद्धत तयार झाली होती. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे करायचे, त्यांची शिडी मांडायची, प्रत्येक टप्प्यासाठी कार्डे करायची आणि प्रत्येक मुलाने आपल्या गतीने एकेक पायरी चढायची. परत आल्यावर या शिक्षकांनी ते जसेच्या तसे उचलले नाही. त्यांनी आपल्या मुलांची गाणी, आपल्या भागातली झाडे-जनावरे, आपल्याकडची कन्नड घेऊन कार्डे स्वतः बनवली. कार्डांवर चित्रखुणा आल्या, म्हणजे अक्षर न येणाऱ्या मुलालाही पुढे काय करायचे ते कळावे. भिंतीवर मुलाच्या हाताला पोहोचेल इतक्या उंचीवर प्रत्येकाचा फळा आला. वर्गात दोऱ्या बांधून त्यावर मुलांचे काम टांगले गेले. मुले गटांत बसू लागली. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्यात मुलेच एकमेकांना शिकवणारी, आणि काही मुले एकेकटी आपले काम करणारी. या पद्धतीचे नाव ‘नली-कली’, म्हणजे आनंदाने शिकणे.

या पद्धतीने सोडवलेली अडचण अत्यंत व्यावहारिक होती. तालुक्यातली पुष्कळ मुले महिना-दोन महिने शाळेबाहेर असत. कोणी आईबरोबर कामाला, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायला. पाठ्यपुस्तकी वर्गात असे मूल परत आले की तोवर वर्ग तीन धडे पुढे गेलेला असे, आणि मग ते परत येणेच सोडून देई. शिडीच्या पद्धतीत ते जिथे थांबले होते त्याच पायरीवर बसून पुढे जाऊ शकत होते. त्याला कोणी नापास म्हणत नव्हते. एकाच खोलीत पहिली-दुसरी-तिसरी एकत्र असण्याचीही अडचण उरत नव्हती, कारण वर्गाची भिंतच गळून पडली होती. भारतातल्या खेड्यातल्या शाळेची खरी स्थिती आहे तशी मान्य करून तिच्यासाठी पद्धत घडवण्याचे इतके सुबुद्ध काम आपल्याकडे फार थोड्या वेळा झाले आहे, आणि ते सरकारी शिक्षकांनी केले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून ही पद्धत इतर जिल्ह्यांत गेली आणि 2009-10 पासून राज्यातल्या सगळ्या सरकारी कन्नड प्राथमिक शाळांच्या पहिल्या वर्गांत लागू झाली. कार्डे राज्य पातळीवर ठरून, छापून येऊ लागली. ज्या शिक्षकाने कार्ड बनवले नाही, ते का बनले हे ज्याला कोणी सांगितले नाही, त्याच्या हाती संच आला आणि सोबत भरायचे तक्ते आले. फाटलेल्या, हरवलेल्या कार्डांच्या जागी नवी वेळेवर आली नाहीत. काही वर्षांतच शिक्षकांमधून ‘ही नली-कली बंद करा, पुस्तक द्या’ असा सूर निघू लागला. पद्धत तीच होती. ती शिक्षकांच्या हातून निसटली होती.

आता साताऱ्याकडे वळू. कुमठे बीट हा सातारा तालुक्यातला चाळीसेक जिल्हा परिषद शाळांचा पट्टा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादावर वाचन, चर्चा, चुका, दुरुस्त्या असे काम काही वर्षे चालवले. फरशीवर आखलेली कोष्टके, दगड-बिया-काड्यांनी केलेली गणिते, मुलांना स्वतः बोलायला आणि लिहायला दिलेला वेळ यांतून शाळांचे रूप पालटले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभरातल्या शिक्षकांचे जथे कुमठ्याला येऊ लागले. परत जाऊन त्यांनी काय केले? पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या. जिथे शिक्षकांचा गट, त्यांना सांभाळणारा अधिकारी आणि चर्चेला वेळ होता, तिथे शिकवणेही बदलले. इतरत्र रंग उरला. कोणती शाळा किती टक्के ‘प्रगत’ याची आकडेवारी वर मागवली जाऊ लागली आणि आकडेवारी मागितली की ती मिळतेच.

दोन राज्ये, दोन पद्धती, पंधरा-वीस वर्षांचे अंतर, पण गोष्ट एकच आहे. शिक्षकांच्या गटातून उगवलेले काम वरून आदेश होऊन खाली आले की त्याचा साचा येतो आणि जीव मागे राहतो. म्हणून मला वाटते, ग्रामीण शाळेच्या सुधारणेचा प्रश्न ‘कोणती पद्धत’ हा नाही. शिक्षकाला वर्गात राहायला, सहकाऱ्यांबरोबर बसून विचार करायला आणि आपल्या मुलांप्रमाणे बदल करायला वाव आहे का, हा आहे. पालघरमध्ये नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने केलेले वाचन-लेखनाचे काम किंवा त्याआधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणात नेलेली बालवाडी पाहिली तर हेच दिसते. टिकलेल्या प्रत्येक कामामागे वर्षानुवर्षे त्याच मुलांसमोर बसलेली माणसे आहेत.

भाषेचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि आढाव्यांत तो बहुधा एका ओळीत आटोपला जातो. हेग्गडदेवनकोटेतल्या जेनू कुरुबा मुलाच्या घरची बोली शाळेच्या कन्नडपेक्षा वेगळी. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलीला पहिलीचे मराठी पुस्तक परक्या भाषेचे. हे मूल वर्गात गप्प बसते आणि शिक्षक त्याला मंद समजतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली. प्रशासनाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पालकांनी वर्गणी काढून आपल्या भाषेची शाळा चालवावी आणि राज्याने तिला दारात अडवावे, हे मला दुःखाचे वाटते.

सीमाभागाचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत कर्नाटक सरकारच्या मराठी शाळा आहेत. जत आणि अक्कलकोटमध्ये महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. दोन्हीकडे तक्रारींचा मजकूर सारखाच: माध्यमाचे शिक्षक वेळेवर मिळत नाहीत, परिपत्रके दुसऱ्या भाषेत येतात, पट घटतो. सीमेचा वाद न्यायालयात राहो. तोवर या मुलांना त्यांच्या भाषेतला शिक्षक जूनमध्ये मिळावा, यासाठी दोन्ही शिक्षण खात्यांनी एकत्र बसायला कोणाची हरकत असू नये.

भाषेबाबत आपले धोरण मात्र उलट दिशेने ओढले जाते. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आली, कर्नाटकात काही वर्षांनी. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कर्नाटकाचा आदेश रद्द ठरवला. मग 2019 पासून त्या राज्याने स्वतःच सुमारे हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे ‘सेमी’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. त्यात 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला आणि विरोधानंतर 29 जूनला तो मागे घ्यावा लागला. पहिली भाषा वाचता न येणाऱ्या तिसरीच्या मुलावर तिसरी भाषा लादण्याचा विचार, त्याच्या वर्गात एक तास बसून पाहिले असते, तर सुचलाच नसता. पालकाला इंग्रजी हवी आहे आणि ती मागण्यात त्याचे काही चुकत नाही. चांगली इंग्रजी चांगल्या मराठीच्या किंवा कन्नडच्या पायावरच उभी राहते, हे त्याला पटवून देणारी शाळा त्याच्या गावात दिसली पाहिजे.

दिसण्याचा प्रश्न आला की पटसंख्या आली. देशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांपैकी साठपेक्षा कमी पट असलेल्या शाळा 2022 मध्ये 44 टक्के होत्या. 2024 मध्ये त्या 52.1 टक्के झाल्या. पहिली-दुसरीचे जवळपास दोन-तृतीयांश वर्ग दुसऱ्या इयत्तेबरोबर एका खोलीत बसतात. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा मोजल्या गेल्या. त्यांत एक लाख पंच्याऐंशी हजारांवर मुले आहेत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली गेली. कर्नाटकातही ‘कर्नाटक पब्लिक स्कूल’च्या रूपाने पहिलीपासून बारावीपर्यंतच्या मोठ्या शाळांवर भर आहे. मोठ्या शाळेचे फायदे खरे आहेत: विषयाचा शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान, सवंगडी. पण सह्याद्रीच्या कड्याखालच्या वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून तीन-चार किलोमीटर जावे लागले, गाडी एक दिवस आली नाही, की तिची शाळा सुटते, आणि भावापेक्षा तिची आधी सुटते. माझे मत स्पष्ट आहे: चौथीपर्यंतची शाळा वस्तीतच असली पाहिजे, पट पाच असला तरी. पाचवीनंतर वाहनाची हमी देऊन एकत्रीकरणाचा विचार करावा. आणि लहान शाळा ठेवायची तर तिच्यासाठी बहुवर्ग अध्यापनाची पद्धत हवी. ती हेग्गडदेवनकोट्यात तीस वर्षांपूर्वी तयार झाली होती.

स्थलांतराबद्दल थोडे. बीड, जालना, अहिल्यानगर भागातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हैसूर जिल्ह्याच्या जंगलकडेची आदिवासी कुटुंबे डिसेंबरपासून कोडगूच्या मळ्यांत कॉफी तोडायला जातात. शाळेचे वर्ष जूनचे आणि पोटाचे वर्ष हंगामाचे, यांची गाठ बसत नाही. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा, शिक्षण हमी पत्रक अशा योजना झाल्या. चांगल्या चाललेल्या वसतिगृहाने मुले गावात राहिली, हेही खरे. पण अनुदान हंगाम निम्मा सरल्यावर पोहोचले तर मूल तोवर फडावर गेलेले असते.

पोषण आहारात कर्नाटक आपल्यापुढे आहे. तिथे दूध 2013 पासून मिळते, आणि 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस अंडी किंवा पर्याय म्हणून केळे देण्याची सोय झाली. महाराष्ट्राने 2023 च्या अखेरीस अंडी सुरू केली आणि 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा राज्याचा पैसा थांबवला. भुकेले मूल अक्षरे ओळखत नाही. त्यासाठी वेगळ्या पाहणीची जरुरी नाही.

खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांबाबत महाराष्ट्राने कर्नाटकाचाच कित्ता गिरवला. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा नियम कर्नाटकाने 2019 मध्ये केला. महाराष्ट्राने तोच 2024 च्या फेब्रुवारीत आणला आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केला. मुलांना सरकारी शाळेत रोखून धरण्यासाठी दुसरे दार बंद करणे हा मार्ग नव्हता. करोनाच्या काळात ग्रामीण भागात सरकारी शाळांचा वाटा 72.9 टक्क्यांपर्यंत चढला होता, 2024 मध्ये तो पुन्हा 66.8 वर आला. आलेली मुले दोन वर्षांत निघून गेली. त्यांना राहावेसे वाटेल असे वर्गात काही घडले असते तर ती राहिली असती.

आणि वर्गात घडवायचे ते शिक्षकाने. त्याचा वेळ कुठे जातो ते पाहा: मतदार यादी, सर्वेक्षणे, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, रोज नवे ॲप, आधार जुळवणी, फोटो चढवणे. द्विशिक्षकी शाळेतला एक जण तालुक्याला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग आणि स्वयंपाकघर. महाराष्ट्राने 2024 मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची यादी केली, ती अमलात आणण्याचे काम मात्र बाकी आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अगदी कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी पद्धतीने भरण्याच्या निर्णयाविरुद्ध शिक्षक राज्यभर रस्त्यावर उतरले. कर्नाटकात तर हजारो जागा वर्षानुवर्षे ‘अतिथी शिक्षकां’वर, तुटपुंज्या मानधनावर चालतात, आणि ते शाळा सुरू झाल्यावर नेमले जातात. जूनमध्ये पहिलीच्या मुलासमोर कोणी नसणे हे त्याचे सर्वांत मोठे नुकसान आहे. आता सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात, सेवेची पाचहून अधिक वर्षे उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. शिक्षकाच्या पात्रतेची कसोटी असावी, यात वाद नाही. पण वीस वर्षे शिकवणारी बाई पुढची दोन वर्षे मुलांची पुस्तके मिटून स्वतःच्या परीक्षेची पुस्तके उघडणार असेल, तर तिच्या वर्गाची भरपाई कशी करणार, याचे उत्तर राज्य सरकारांनी द्यायला हवे.

नव्या योजनेची घोषणा करण्यापेक्षा एक जुने पद सरकारने आधी सांभाळावे: केंद्रप्रमुखाचे. दहा-पंधरा शाळांचा हा अधिकारी शिक्षकाच्या सर्वांत जवळचा. कर्नाटकात त्याच जागी ‘क्लस्टर रिसोर्स पर्सन’ असतो. महाराष्ट्रात ही पदे चार हजार आठशेहून अधिक मंजूर आहेत, पण त्यांतली पुष्कळ वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि आहेत ते केंद्रप्रमुख माहिती गोळा करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचवण्यात गुंतलेले. महिन्यातून एकदा भरणारी शिक्षण परिषद बऱ्याच ठिकाणी सूचना वाचून दाखवण्यात संपते. तीच सभा, पाच शाळांतल्या तिसरीच्या मुलांची वाचनाची नोंद टेबलावर ठेवून, कोणते मूल कुठे अडले यावर दोन तास चालली, तर ती कुमठ्याची सभा होईल. त्यासाठी केंद्रप्रमुखाची जागा भरावी, त्याच्याकडून माहितीचे काम काढून घ्यावे, प्रवासभत्ता वेळेवर द्यावा आणि त्याच्या केंद्रातल्या शिक्षकांची वर्षाच्या मध्येच बदली करू नये. शिक्षकांनी बनवलेले साहित्य छापायला केंद्राला थोडा स्वतंत्र निधी द्यावा. 2026-27 ची मुदत दोन्ही राज्यांना चुकणार असेल तर चुकू द्यावी, पण ती पाळल्याचे खोटे आकडे शाळांकडून मागू नयेत.